गाऊनच्या घडीत दडलेले मन

आपल्याकडे गाऊन म्हटला की घरात वावरताना घालायचा सैल, सुती झगा आठवतो. पाश्चात्त्य साहित्यात मात्र गाऊन म्हणजे समारंभाचा पायघोळ पोशाख. तो नायिकेचे मनही उघड करतो.

चार्ल्स डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१८६१) या कादंबरीतली मिस हॅविशॅम लग्नासाठी नटत असतानाच वराचे पत्र येते आणि लग्न मोडते. ती घरातली घड्याळे त्याच क्षणी थांबवते. अंगावरचा पांढरा गाऊन वर्षानुवर्षे उतरवत नाही. पिवळा पडत गेलेला तो गाऊन तिचा तुरुंगच बनतो. अखेर तो पेट घेतो.

मार्गारेट मिचेलच्या 'गॉन विथ द विंड' (१९३६) मधली स्कार्लेट अगदी उलट. युद्धाने सारे नेलेले, करासाठी ३०० डॉलर हवेत, नाहीतर घर जाणार. ती आईच्या हिरव्या मखमली पडद्यांचा गाऊन शिवून घेते आणि सुखवस्तूपणाचा आव आणून ऱ्हेट बटलरकडे पैसे मागायला जाते. पण शेतात राबून खरबरीत झालेले हात तिचे बिंग फोडतात.

प्रत्यक्षातही गाऊनने बरेच काही घडवले. १० फेब्रुवारी १८४० रोजी व्हिक्टोरिया राणीने लग्नात पांढरा गाऊन घातला. त्यावरची लेस डेव्हन परगण्यातल्या कारागीर स्त्रियांनी हाताने विणली होती. त्यांच्या बुडत्या धंद्याला आधार मिळावा, हा त्यामागचा हेतू. पुढे पांढरा रंग नववधूचाच ठरला.

कपाटातल्या शालूची घडी उलगडताना एवढे ध्यानात ठेवावे: आठवण जरूर जपावी, पण तिच्यात अडकून पडू नये.