उलाळणारे घर

सुटीला निघताना घरच मागे बांधून न्यायचे, ही इंग्रज माणसाची जुनी हौस आहे. ‘कॅरव्हॅन’ हा शब्द मूळचा फारसी. आपल्या ओळखीचा ‘कारवाँ’ तो हाच. गॉर्डन स्टेबल्स नावाचा एक डॉक्टर होता. नौदलातून निवृत्त झाल्यावर तो मुलांसाठी साहसकथा लिही. त्याने ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची ऐसपैस गाडी बांधून घेतली आणि १८८५ साली तिला दोन घोडे जुंपून थेट स्कॉटलंड गाठले. कथालेखनावर असली चैन परवडत असे, याचा मराठी लेखकाला हेवाच वाटावा! पुढे १९०७ मध्ये अशा हौशी मंडळींचा क्लब निघाला. कालांतराने घोडे गेले, मोटार आली. एक अडचण मात्र होती तिथेच राहिली. चालताना गाडी कशीही कलंडली तरी चालते. मुक्कामाला ती सरळ उभी करावी लागते.

इंग्लंडमधल्या सरोवरांच्या प्रदेशात किंवा यॉर्कशरमध्ये संध्याकाळच्या वेळी एखाद्या तळावर जाऊन बसावे. बरेचसे तळ म्हणजे शेतकऱ्याचे गवताळ कुरण. दिसायला सपाट, पण सपाट कधीच नसते. एक निवृत्त जोडपे येते. गृहस्थ मोटारीत चाकाशी, बाई कॅरव्हॅनच्या दारात. खाली जमिनीवर पाणसळ ठेवलेली. आपले गवंडी वापरतात तीच, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. बाई सांगतात, गृहस्थ बोटभर पुढे घेतात, बाई म्हणतात, ‘जास्त झाले.’ शेजारचे लोक खुर्च्या टाकून, चहा पीत हा प्रयोग बघतात. कोणी हसत नाही, कारण तासाभरापूर्वी तेही याच भूमिकेत होते.

एवढा खटाटोप कशासाठी? डोके खाली, पाय वर अशी झोप कोणालाच लागत नाही. न्हाणीतले पाणी मोरीकडे न जाता पलंगाकडे निघते. तव्यावरचे तेल एका कडेला जमते. ही झाली गैरसोय. खरे दुखणे फ्रिजचे.

पुष्कळशा कॅरव्हॅनमधला फ्रिज आपल्या घरातल्यासारखा नसतो. त्यात कॉम्प्रेसर नाही, हलणारा एकही भाग नाही. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही युक्ती शोधली. खाली गॅसची बारीक ज्योत जळते. तिच्या उष्णतेने पाण्यात विरलेला अमोनिया वाफ होऊन वर जातो, थंड होऊन द्रव बनतो, हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा उडून जाताना आतली उष्णता शोषतो आणि पाण्यात मिसळून उताराने परत खाली येतो. ज्योतीने थंडावा! पण खाली उतरण्याचे काम सगळे गुरुत्वाकर्षणावर सोपवलेले. गाडी तिरकी असेल तर द्रव मध्येच साचतो, फेरा तुटतो, तापणारी नळी कोरडी पडते. प्रवासात हिंदकळण्यामुळे फारसे बिघडत नाही. एकाच बाजूला कलून रात्रभर उभे राहणे वाईट. जुन्या पद्धतीच्या फ्रिजना साधारण तीन अंशांचा कलच कसाबसा सोसतो. दोन चाकांत दोन मीटर अंतर धरले, तर एक चाक दहा सेंटिमीटर खाली गेले की तीन अंश भरतात. म्हणजे जेमतेम अर्धी वीत. फ्रिजमध्ये नुसते दूध असेल तर ठीक. या हौशी लोकांत साठी-सत्तरीचे पुष्कळ असतात आणि त्यांच्यापैकी कोणाचे इन्सुलिनही त्याच फ्रिजात असते.

आता क्रम. हा क्रम चुकला तर जिवावर बेतू शकते. गाडी मोटारीला जोडलेली असतानाच आधी आडवी पातळी साधायची: खालच्या बाजूच्या चाकापुढे पाचरीसारखा उतरता ठोकळा ठेवून गाडी हळूच वर चढवायची. मग हातब्रेक ओढायचा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे, आणि हे सगळे झाल्यावरच आकडा सोडायचा. टन-दीड टनाचे घर उतारावर मोकळे सुटले तर माणसाच्या हाताने थांबत नाही. शेवटी पुढचे लहान चाक वरखाली करून पुढची-मागची पातळी.

यानंतर चार कोपऱ्यांचे पाय खाली सोडतात. नवखा माणूस फसतो तो इथे. पाय दिसले की त्याला मोटारीचा जॅक आठवतो आणि तो हँडल फिरवून घरच उचलू पाहतो. हे पाय वजन पेलण्यासाठी नसतातच. गाडी हलू नये म्हणून जमिनीला नुसते टेकवायचे असतात. जोर लावला की पायाचा स्क्रू वाकतो, सांगाडा पिळतो, दार लागेनासे होते. अमेरिकेतल्या बसएवढ्या गाड्यांत बटण दाबून हायड्रॉलिक पायांवर गाडी उचलता येते. ती गोष्ट वेगळी.

मग हे पाय हवेत कशाला? ज्याने बैलगाडी पाहिली आहे त्याला सांगायला नको. बहुतेक इंग्रजी कॅरव्हॅन एकाच आसाच्या असतात. बैल सोडल्यावर मागे बोजा जास्त झाला की गाडी उलाळते, पुढचे टोक आभाळाकडे जाते. कॅरव्हॅनचेही तेच. पुढच्या टोकावर भार बहुधा शंभर किलोच्या आतच असतो. मागचे पाय न सोडता दोन धडधाकट माणसे मागच्या खोलीत गेली, तर घर उलाळलेच. म्हणून पाय खाली आल्याशिवाय जाणती बाई नातवंडांना आत सोडत नाही, मग बाहेर पाऊस का असेना.

तिथे पाऊस असतोच. ओल्या मातीत पाय रुतू नयेत म्हणून प्रत्येकाखाली फळीचा तुकडा ठेवतात. तरी रात्रीतून एखादा कोपरा बसतो आणि पलंग चालताना डुगडुगतो. मग सकाळी गृहस्थ रबरी बूट चढवून, हँडल घेऊन बाहेर येतात आणि त्या एका पायाला अर्धा फेरा देऊन चहाला आत जातात.