रात्रीची तिसरी शिफ्ट!

दिवसा सिनेमा, रात्री ओपन सोर्स आणि उरलासुरला वेळ घराला... ही तारेवरची कसरत जमवायची कशी?

दिवसभर शॉट्सची करेक्शन्स, रात्री दहाला घरी. जेवण उरकलं की पुन्हा लॅपटॉप उघडतो. पण हे ऑफिसचं काम नाही हं! कुठल्याशा ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे आयकॉन्स काढायचेत, नाहीतर एखाद्या मोफत फॉण्टची जोडाक्षरं तपासायचीत. पैसे? शून्य! अॅनिमेशन आणि व्हीएफएक्सवाल्या मंडळींमध्ये असे नग बरेच सापडतात.

वेड म्हणा, पण त्याला कारण आहे. ओपन सोर्स म्हणजे कुणीही वापरावं, बदलावं, पुढे द्यावं असं सॉफ्टवेअर. थ्रीडीवाल्यांचं लाडकं ब्लेंडर हे त्याचं झकास उदाहरण. नेदरलँड्समधल्या एका अॅनिमेशन स्टुडिओत टॉन रोझेंदाल यांनी ते स्टुडिओच्या कामासाठी सुरू केलं. पुढे ते विकणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली, तेव्हा चाहत्यांनी अवघ्या सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ते सगळ्यांसाठी खुलं करून घेतलं. त्याच ब्लेंडरवर लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसने ‘फ्लो’ (२०२४) बनवला आणि २०२५ मध्ये ऑस्कर पटकावलं! लांब कशाला, मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बालू हे देवनागरी फॉण्ट्सही असेच खुले आहेत. आपण काढलेली रेघ जगभर वापरली जाते, ही किक पगारात कुठून मिळणार?

फुकट? कुणाच्या खात्यातून?

खरी गोची इथेच आहे. तुम्ही दिलेले दोन तास प्रोजेक्टला फुकट मिळतात, घराला नाही. त्या दोन तासांत बाळाला झोपवणं, उद्याचे डबे, आईच्या औषधांचा हिशेब हे सगळं जोडीदार एकटा किंवा एकटी ओढत असते. आणि सिनेमाच्या शिफ्टचं गणित तर तुम्हाला माहीतच आहे. रिलीज जवळ आली की घड्याळ फक्त भिंतीवर शोभेला!

गंमत म्हणजे ब्लेंडरवाल्यांनीही सगळा डोलारा जागरणांवर उभा केला नाही. ‘एलिफंट्स ड्रीम’ (२००६) आणि ‘बिग बक बनी’ (२००८) या ओपन मूव्हीजच्या वेळी त्यांनी डीव्हीडी आगाऊ विकून पैसा उभा केला, कलाकारांना एकत्र बसवलं. म्हणजे या कामालाही वेळ आणि पैसा लागतो, हे त्यांनी आधीच मान्य केलं. मग आपणही वेळेचा हिशेब मांडायला काय हरकत आहे?

मग काय कराल?

वार ठरवा : आठवड्यातल्या दोनच रात्री, आणि त्याही घरी विचारून. जोडीदाराच्याही दोन रात्री मोकळ्या हव्यात, बरं का!

तुकडा छोटा घ्या : अख्ख्या इंटरफेसची जबाबदारी नको. वीस आयकॉन्स घ्या, पूर्ण करा, मग पुढचं बघा.

आधी सांगा : महिनाभर क्रंच असेल, तर प्रोजेक्टवाल्यांना तसं कळवून टाका. फाइल्स आणि नोट्स अशा ठेवा की दुसऱ्याला काम उचलता येईल. ओपन सोर्सचा खरा फायदा तोच.

कॉन्ट्रॅक्ट वाचा : आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, सहसा मालकाकडे जातो. तेव्हा स्टुडिओचं मशीन, स्टुडिओचा वेळ आणि स्टुडिओच्या फाइल्स यापासून तुमचा छंद दूरच ठेवा. शंका असेल तर लेखी परवानगी घ्या.

थोडक्यात काय, ओपन सोर्स सोडू नका, पण त्याची किंमत घरच्यांना न विचारता त्यांच्या माथी मारू नका. सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती चार दिवस उशिरा निघाली तरी चालते. लेकीचं गॅदरिंग मात्र ठरल्या दिवशीच होतं!