वेष्टनाच्या कागदांना हवी हक्काची जागा

संध्याकाळी सातच्या स्वागत समारंभाला निघायचे असते आणि साडेसहाला घरात शोधाशोध सुरू होते. कागद माळ्यावर सापडतो, पण त्याला मधोमध घडी पडलेली असते. चिकटपट्टीचे टोक हाती लागत नाही आणि कात्री दुधाची पिशवी कापण्यासाठी स्वयंपाकघरात गेलेली असते. अखेरीस कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा ताव आणला जातो आणि त्यातला उरलेला अर्धा पुन्हा माळ्यावर ढकलला जातो. शहरातील असंख्य घरांत हा प्रसंग वर्षातून अनेकदा घडतो. प्रश्न दहा-वीस रुपयांच्या कागदाचा नसतो. आनंदाने द्यावयाची वस्तू त्राग्याने गुंडाळली जाते आणि लहानशा घरातील जागा निरुपयोगी तुकड्यांनी अडते, हे खरे नुकसान.

मराठी घरात देण्याघेण्याला बाराही महिने निमित्त असते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची वाणे, उन्हाळ्यात लग्नमुंजी, जूनमध्ये वह्या-पुस्तकांची खाकी कव्हरे, श्रावणात राखीपौर्णिमा, भाद्रपदात गणपतीची आरास, पुढे पाडवा, भाऊबीज आणि नाताळ. बारसे, वाढदिवस, साठीशांत यांना तर ऋतूच नाही. या सर्वांना लागणारे साहित्य जवळजवळ एकच असते. ते घरात पाच ठिकाणी विखुरलेले असते, एवढेच.

पद्धत जुनी, कागद नवा

भेट झाकून देण्याची रीत जुनी असली तरी छापील रंगीत कागद तुलनेने अलीकडचा आहे. १९१७ सालच्या नाताळात अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे हॉल बंधूंच्या दुकानातील वेष्टनाचा पातळ कागद संपला. त्यांनी पाकिटांच्या अस्तरासाठी फ्रान्समधून आणलेला नक्षीदार कागद विक्रीस मांडला आणि तो हातोहात खपला. ही पेढी पुढे ‘हॉलमार्क’ म्हणून प्रसिद्ध झाली. १९३० मध्ये रिचर्ड ड्रू यांनी पारदर्शक चिकटपट्टी तयार केली आणि सुतळी व लाखेची गरज कमी झाली.

आपल्याकडे खण-नारळ, साडी, भांडी असा आहेर बहुधा उघडाच, ताटात ठेवून दिला जाई. वस्तू जपायची असेल तर मात्र कापड वापरीत. पोथी बासनात बांधली जाई. पेशवे दफ्तरातील मोडी कागदपत्रांचे गठ्ठेही कापडात बांधलेले असत आणि त्यांना ‘रुमाल’ असेच नाव पडले. ही आठवण पुढे उपयोगी पडणार आहे.

आधी निवड, मग साठवण

कोणतीही वस्तू लावून ठेवण्यापूर्वी ती घरात किती आहे हे कळले पाहिजे. यासाठी सतरंजी अंथरून सर्व साहित्य एकदा बाहेर काढावे आणि त्याचे चार भाग करावेत: अखंड ताव व गुंडाळ्या, वापरण्याजोगे तुकडे, पाकिटे-पिशव्या आणि रिबिनी-चिकटपट्ट्यांसारखे सुटे सामान. पुस्तकाच्या आकाराहून लहान तुकडा वेष्टन म्हणून क्वचितच कामी येतो. त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या कापाव्यात किंवा तो रद्दीत द्यावा.

चकचकीत कागदांबाबत एक सोपी परीक्षा आहे. तुकडा मुठीत चुरगाळून सोडावा. चुरगळलेलाच राहिला तर तो कागद. हळूहळू उलगडू लागला तर त्यात प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा आहे. असा पापुद्रा रद्दीत मिसळू नये, कारण त्याचा पुन्हा कागद होत नाही. जरीसारखी चमकी चिकटवलेल्या कागदाचेही तेच.

ओल, ऊन, कसर आणि घडी

कागदाचे हे चार शत्रू. मुंबई आणि कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळा ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत कागद पाणी शोषून फुगतो व लहरतो. पाकिटांचा डिंक ओलसर होऊन ती आपोआप चिकटून बसतात आणि आयत्या वेळी फाडावी लागतात. पाकिटाच्या झाकणाखाली बटर पेपरची अरुंद पट्टी सरकवून ठेवली तर हे टळते.

ओलीपाठोपाठ कसर येते. हा चंदेरी, पंखहीन कीटक कागदातील खळ आणि डिंक खातो. झुरळांनाही तेच प्रिय असते. डांबराच्या गोळ्यांचा वास कागदाला लागतो आणि तो भेटवस्तूसोबत दुसऱ्याच्या घरी जातो. शिवाय लहान मुलांच्या दृष्टीने त्या धोक्याच्या आहेत. त्यापेक्षा पोथ्यांत आणि कपाटांत पूर्वापार ठेवले जाणारे वेखंड किंवा वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवावा. डबा कोरडा आणि घट्ट झाकणाचा असणे हा मात्र खरा उपाय. नव्या पर्स-बुटांसोबत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाकाव्यात. त्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

ऊन रंग उडवते. क्रेप कागदाचा रंग तर खिडकीशेजारी थोड्याच दिवसांत फिका पडतो. उष्णतेने चिकटपट्टीचा गोंद कडेने पाझरतो आणि त्यावर धूळ बसते. म्हणून चिकटपट्ट्या बंद डब्यात ठेवाव्यात आणि प्रत्येकीचे टोक अर्धा सेंटिमीटर आत दुमडावे. गुंडाळीला रबरबँड लावण्याची सवयही सोडावी. उन्हाळ्यात रबर वितळून कागदाला चिकटते. त्याऐवजी जुनी नाडी सैल बांधावी किंवा पुठ्ठ्याची नळी लांबीच्या दिशेने एका बाजूने चिरून गुंडाळीवर चढवावी.

जागा कोणती?

माळा ही सर्वांत सोयीची वाटणारी आणि सर्वांत वाईट जागा. वरच्या मजल्यावर तिथे स्लॅबची उष्णता असते, पावसाळ्यात गळतीची धास्ती असते आणि प्रत्येक वेळी स्टूल लागते. जी वस्तू काढणे कष्टाचे, ती पुन्हा विकतच आणली जाते. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या गुंडाळ्यांनाही ओल लागते.

अखंड ताव आडवे, सपाट ठेवणे उत्तम. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसाठी पूर्ण इम्पीरियल, म्हणजे २२ बाय ३० इंच आकाराचा कागद मावेल असे पुठ्ठ्याचे फोल्डर मिळते. बाजारातील नेहमीचे ताव त्यात घडी न घालता बसतात आणि ते फोल्डर दिवाणात किंवा कपाटामागच्या कोरड्या फटीत सहज मावते. गुंडाळ्या असतील तर कोट-शेरवानीसाठी मिळणारी झिपची लांब पिशवी कपाटाच्या दांडीला टांगावी आणि त्यात त्या उभ्या ठेवाव्यात. खालची बाजू चेपू नये म्हणून तळाशी पुठ्ठा घालावा.

रिबिनींच्या रिळांसाठी बांगड्यांचा लाकडी स्टँड अगदी योग्य. दांडीवर रिळे ओवली की एकीत दुसरी गुंतत नाही. सुट्या रिबिनी पत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर गुंडाळून टाचणीने टोक अडकवावे. कागदी पिशव्या एका मोठ्या पिशवीत पुस्तकांसारख्या उभ्या लावाव्यात.

उरलेले सामान एका डब्यात: चिकटपट्टी, पेन, मोजपट्टी, नावाच्या चिठ्ठ्या, रुपयाचे नाणे लावलेली पाकिटे आणि फक्त याच कामाची कात्री. कात्रीला डब्याच्या कडीशी दोरीने बांधणे हास्यास्पद वाटेल, पण ती डब्यातच राहील याची तेवढीच एक खात्री आहे. घरात लहान मूल असल्यास दोरी नको. डबाच उंच ठेवावा.

मोजून कापले तर निम्मा कागद

कागद वाया जातो तो अंदाजामुळे. खोक्याभोवती दोरा फिरवून घेर मोजावा आणि त्यात दीड इंच मिळवावा. ही कागदाची एक बाजू. दुसऱ्या बाजूसाठी खोक्याच्या लांबीत उंचीची दीडपट मिळवावी. उदाहरणार्थ, १० इंच लांब, ६ इंच रुंद आणि ३ इंच उंच खोक्याचा घेर १८ इंच. म्हणजे साडेएकोणीस इंच बाय साडेचौदा इंच कागद पुरतो. २० बाय ३० इंचांच्या एका तावात अशी दोन खोकी बसतात. अंदाजाने कापणारा तिथे दोन ताव संपवतो.

वहीचे महत्त्व

वेष्टनाच्या डब्याशेजारीच बहुतेक घरांत आलेल्या, न वापरलेल्या भेटी असतात. फिरता आहेर ही काही लपवण्याची गोष्ट नाही, पण काकूंनी दिलेला टी-सेट काकूंच्याच मुलीच्या लग्नात परत गेला तर वर्षानुवर्षे त्याची चर्चा होते. लग्नातील आहेराची वही हा यावरचा जुना उपाय. तशीच लहानशी वही डब्यात ठेवावी: कोणी दिले, केव्हा, कोणत्या निमित्ताने आणि पुढे कोणाला गेले. वस्तूवरही पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ठेवावी, आणि देताना ती आठवणीने काढावी.

पुन्हा कापडाकडे

देशभरात १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या एकदाच वापरावयाच्या प्लॅस्टिकवरील बंदीत मिठाईची खोकी आणि निमंत्रणपत्रिका यांवरील प्लॅस्टिकच्या पातळ आवरणाचाही समावेश आहे. साठा करतानाच प्लॅस्टिक टाळणे म्हणूनच शहाणपणाचे. जपानमध्ये चौकोनी कापडात वस्तू बांधण्याच्या ‘फुरोशिकी’ या परंपरेला २००६ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी नव्याने चालना दिली, तीही कचरा कमी व्हावा म्हणून. रुमाल आणि बासने वापरणाऱ्या समाजाला ही कल्पना परकी नाही. जुन्या साडीचे काठ रिबिनीचे काम करतात आणि खणाच्या चौकोनी तुकड्यात बांधलेले पुस्तक कोणत्याही चमकत्या कागदाहून देखणे दिसते. शिवाय कापड धुऊन घडी घालून ठेवता येते. त्याला ना नळी लागते ना फोल्डर.

वर्षातून दोनदा हा डबा उघडून तपासला की पुरे: एकदा पावसाळ्यापूर्वी, ओल येण्याआधी, आणि एकदा दसऱ्याच्या साफसफाईत, दिवाळीची खरेदी करण्याआधी. काय आहे हे पाहूनच बाजारात जावे. रविवार पेठेत किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत रंगीत कागदांचे ढीग समोर दिसले की मोह आवरत नाही. घरी किती ताव शिल्लक आहेत हे ठाऊक असेल, तरच हात थोडा आखडता घेता येतो.