ड्यूक, अर्ल, लॉर्ड आणि आमची असई

आधीच कबूल करते, माझं मराठी म्हणजे कॉन्व्हेंट छाप. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने तपासलंय, त्यामुळे चुका सापडल्या तर त्यांना धरा! विषय इंग्लंडच्या सरदारांचा बघून काहीजण म्हणतील, हिला दुसरं काही सुचलं नाही का? पण यामागे एक दुखरी गोष्ट आहे.

गेल्या गॅदरिंगच्या क्विझमध्ये आमची लेडीज हॉस्टेलची टीम फायनलला होती. प्रश्न आला, ड्यूक ऑफ वेलिंग्टनने १८०३ साली भारतात जिंकलेली मोठी लढाई कोणती? 'वेलिंग्टन' ऐकताच मी बझर दाबला आणि ऐटीत म्हणाले, "वॉटर्लू!" अख्खा हॉल हसला. उत्तर होतं असई. जालना जिल्ह्यातली असई, आणि मी जालन्याची! शाळेत वॉटर्लूची तारीख पाठ करून घेतली होती, असईचं नाव कुणी काढलं नाही. पुढचा प्रश्न, ड्यूकची बायको डचेस, तर अर्लची कोण? मी म्हणाले, "अर्लेस." दहा मार्कांनी हरलो. रूममेट अजून मला 'अर्लेस' म्हणून हाक मारते.

मग पी.एल.मध्ये एम-थ्री बाजूला ठेवून मी याच विषयामागे लागले. (एम-थ्रीचं काय झालं ते विचारू नका.)

तर इंग्लंडच्या सरदारांच्या पायऱ्या पाच. वरून खाली ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. आपण सरसकट 'लॉर्ड' म्हणतो ते खालच्या चौघांना चालतं, ड्यूकला मात्र 'युवर ग्रेस' म्हणायचं. 'सर' म्हणजे नाइट, तो या जिन्यावर नाहीच. तो जिन्याखाली उभा.

गंमत म्हणजे मोठेपणाचा क्रम आणि जन्माचा क्रम वेगळा आहे. सगळ्यात जुना अर्ल. १०६६ मध्ये नॉर्मन लोक आले त्याच्याही आधीचा. नॉर्मनांकडे त्याच दर्जाचा शब्द होता 'काउंट'. पण इंग्लंडमध्ये पुरुषाला अर्लच म्हणत राहिले आणि बायको मात्र काउंटेस झाली. (अर्लेस नाही, कळलं आता.) आपण ज्याला काउंटी क्रिकेट म्हणतो त्यातली काउंटी त्याच काउंटची. व्हायकाउंटमधला 'व्हाय' म्हणजे आपल्या व्हाइस-प्रिन्सिपलमधला व्हाइस, काउंटचा दुय्यम. मार्क्वेस मूळचा सीमेवरचा राखणदार, आणि बॅरन म्हणजे राजाचा माणूस, बस.

आणि सगळ्यात वरचा ड्यूक? तो इंग्लंडमध्ये १३३७ पर्यंत नव्हताच! शब्द लॅटिन 'डुक्स'वरून आला, अर्थ सेनानायक. कारण असं देतात की इंग्लंड जिंकणारा विल्यम स्वतः नॉर्मंडीचा ड्यूक होता, पुढचे राजेही फ्रान्समधल्या मुलखाचे ड्यूक म्हणवत. जो किताब राजा स्वतः मिरवतो तो चाकराला कसा द्यायचा? शेवटी तिसऱ्या एडवर्डने मार्च १३३७ मध्ये आपल्या थोरल्या मुलाला ड्यूक ऑफ कॉर्नवॉल केलं. हाच पुढे ब्लॅक प्रिन्स म्हणून गाजला. तेव्हा साहेबांना सात वर्षंही पूर्ण नव्हती. सोबत जमीनजुमला दिला, युवराजाच्या खर्चासाठी. ती इस्टेट आजही चालू आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये चार्ल्स राजा झाल्यावर ती आपोआप विल्यमकडे आली. पावणेसातशे वर्षं चाललेला पॉकेटमनी!

पण कॉर्नवॉल हा अपवाद. पुढे पुढे किताबातलं गाव आणि मालकीची जमीन यांचा संबंध राहिलाच असं नाही. ड्यूक ऑफ नॉरफोकचा वाडा अरंडेलला, म्हणजे ससेक्समध्ये, आणि ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा चॅट्सवर्थला, डर्बीशायरमध्ये.

एकदा दार उघडल्यावर राजांना चटक लागली. दुसऱ्या रिचर्डने सप्टेंबर १३९७ मध्ये एकाच दिवशी पाच ड्यूक केले. तेव्हाच्या एका बखरकाराने त्यांना 'डुकेट्टी' म्हणून हिणवलं, म्हणजे चिल्लर ड्यूक. दोनच वर्षांत त्या पाचांपैकीच एकाने, हेन्रीने, रिचर्डची गादी घेतली आणि उरलेल्यांपैकी तिघांना पुन्हा खाली उतरवलं. डिमोशन! सीनियर-ज्युनियरचं राजकारण फक्त आपल्या हॉस्टेललाच नाही.

मला सगळ्यात वाईट वाटलं ते जॉर्ज नेव्हिलचं. १४७० मध्ये या पोराला ड्यूक ऑफ बेडफर्ड केलं, कारण राजा चौथ्या एडवर्डच्या मुलीशी त्याचं लग्न लावायचा बेत होता. पुढच्याच वर्षी त्याचे वडील राजाविरुद्ध लढताना बार्नेटला मारले गेले. लग्न मोडलं, इस्टेट गेली. आणि १४७८ मध्ये पार्लमेंटने कायदा करून किताबही काढून घेतला. कारण काय लिहिलं? की याच्याकडे ड्यूकसारखं राहायला पुरेसे पैसे नाहीत. मेसचं बिल थकलं म्हणून नाव कापलं जातं हे ठाऊक होतं, पण इथे बापाचा राग पोरावर काढला आणि कागदावर मात्र गरिबीचं कारण घातलं, असं माझं मत.

त्यानंतर ड्यूकांचे दिवस वाईटच. १५७२ मध्ये ड्यूक ऑफ नॉरफोकचं डोकं उडवलं, स्कॉटलंडच्या मेरी राणीबरोबर कट केला म्हणून. पुढे एलिझाबेथ राणी मरेपर्यंत, म्हणजे १६०३ पर्यंत, इंग्लंडमध्ये एकही ड्यूक उरला नाही. राजघराण्याबाहेरच्या माणसाला परत ड्यूक केलं ते पहिल्या जेम्सने. १६२३ मध्ये त्याचा लाडका व्हिलियर्स ड्यूक ऑफ बकिंगहॅम झाला.

हा जेम्स व्यवहारी माणूस. १६११ मध्ये त्याने 'बॅरोनेट' नावाचा नवा किताब काढला आणि चक्क विकायला ठेवला. किंमत १०९५ पौंड. हा असला विचित्र आकडा का? तर आयर्लंडमधले ३० शिपाई तीन वर्षं पोसायचा खर्च. शिपायाला रोज ८ पेन्स, ३० शिपायांचे २४० पेन्स, आणि तेव्हा पौंडाचे पेन्स होते बरोबर २४०. म्हणजे दिवसाला एक पौंड, आणि तीन वर्षांचे दिवस १०९५! मी हे कॅल्क्युलेटरशिवाय सोडवलं, कृपया नोंद घ्यावी. बॅरोनेट हा वंशपरंपरागत 'सर', पण त्याला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये खुर्ची नाही. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभॉय, ज्यांच्या नावाने जे.जे. हॉस्पिटल आहे, ते १८५७ मध्ये बॅरोनेट झाले, भारतीयांमधले पहिले. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसणारा वंशपरंपरागत सरदार मात्र आपल्यात एकच झाला, बंगालचे सत्येंद्र प्रसन्न सिन्हा, १९१९ मध्ये.

इथे एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. किताब जातो फक्त थोरल्या मुलाला. धाकटे भाऊ कायद्याने साधी माणसं, 'कॉमनर'. म्हणूनच ड्यूक ऑफ मार्लबरोचा नातू विन्स्टन चर्चिल, ब्लेनहाइमच्या राजवाड्यात जन्मूनही निवडणूक लढवून हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसला. १९५५ मध्ये त्याला स्वतःला ड्यूक करायचं घाटत होतं, तर त्याने नको म्हटलं. आणि किताब नाही, जमीन नाही, अशा कितीतरी धाकट्या मुलांनी नशीब काढायला हिंदुस्थानची वाट धरली.

त्यातलाच एक आर्थर वेलस्ली. थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल. टिपूच्या पराभवानंतर १७९९ मध्ये त्याला मार्क्वेस केलं, पण आयर्लंडचा! इंग्लंडचा नाही म्हणून तो इतका चिडला की किताबाला सोन्याचा मुलामा दिलेला बटाटा म्हणाला. आर्थरने ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा (आताचं अहिल्यानगर) किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला केळणा आणि जुई या नद्यांच्या मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजेला गाठलं. जिंकला, पण त्याची दीड हजारांवर माणसं पडली किंवा जखमी झाली. शिंद्यांचा तोफखाना किती तयारीचा होता ते यावरून कळावं. आपल्या सगळ्या लढायांत असईला तो फार वर ठेवायचा असं सांगतात.

बक्षीस काय मिळालं? १८०४ मध्ये नुसतं 'सर'. जिन्याखालीच! त्याच युद्धात शिंद्यांशी उत्तरेत लढलेला जनरल लेक मात्र थेट बॅरन झाला, आणि किताबात दिल्ली व लासवारी ही आपल्याकडची नावं घेऊन बसला.

आर्थरचा जिना सुरू झाला १८०९ मध्ये, स्पेनमधल्या तालावेराच्या लढाईनंतर. बॅरन आणि व्हायकाउंट एकदमच. तो रणांगणावर, म्हणून किताबासाठी गाव भाऊ विल्यमने निवडलं. वेलस्लीशी जुळणारं काहीतरी हवं म्हणून सॉमरसेटमधलं वेलिंग्टन! १८१२ मध्ये आधी अर्ल, मग मार्क्वेस, १८१४ मध्ये ड्यूक. एवढी वर्षं तो लॉर्ड्सच्या सभागृहात पाऊल टाकू शकला नव्हता. जून १८१४ मध्ये गेला, तेव्हा पाचही पायऱ्यांच्या सनदा एकाच दिवशी वाचल्या गेल्या. सगळ्या सेमिस्टरचे निकाल एकदम लागावेत तसं. आणि वॉटर्लू अजून व्हायची होती, ती १८१५ ची. म्हणजे माझं उत्तर त्याही अर्थाने चुकलेलंच.

पुढचं थोडक्यात. राजघराण्याशी सोयरीक नसलेला शेवटचा नवा ड्यूक झाला १८७४ मध्ये, वेस्टमिन्स्टरचा. लंडनच्या उंची वस्तीतली जमीन त्या घराण्याची. १९६३ पासून किताब सोडून देता येतो. त्याच वर्षी अर्ल ऑफ होमने तो सोडला आणि पंतप्रधान म्हणून कॉमन्समध्ये बसला. १९९९ च्या कायद्याने जन्माने आलेल्या शेकडो सरदारांना सभागृहाबाहेर काढलं, फक्त ९२ ठेवले. २०२४ मध्ये त्यांनाही काढायचं विधेयक आलं.

दिवाळीच्या सुट्टीत आजोबांना घेऊन असईला जाऊन आले. भोकरदन-जाफराबादच्या बाजूला आहे. कापूस वेचणं चालू होतं, नदीला जेमतेम गुडघाभर पाणी. बांधावरच्या एका काकांना मी विचारलं, लढाई नक्की कुठे झाली? त्यांनी विळ्यानेच हात फिरवून सगळं शिवार दाखवलं. मग आजोबांनी विचारलं, "इथे जिंकलेला साहेब पुढे कोण झाला, माहीत आहे का?" काका म्हणाले, "त्याचं नाही बा ठाऊक. आपली किती मेली, ते लिहिलंय का कुठं?"