खेळांच्या दुकानाचा पन्नास वर्षांचा हिशेब

दुकान चालविणे म्हणजे काय, हे व्यापारी घरात वाढलेल्या वाचकाला निराळे सांगावे लागत नाही. खरेदी, साठा, उधारी, गिऱ्हाईक आणि मोसम या पाच गोष्टींभोवती प्रत्येक पेढी फिरत असते. परंतु काही दुकाने अशीही असतात की तेथे माल विकण्याइतकेच गिऱ्हाइकाला बसावयास जागा देणे महत्त्वाचे ठरते. अमेरिका, ब्रिटन व कॅनडा येथील ‘हॉबी गेम स्टोअर’ ही त्यांपैकीच. लहान मुलांची खेळणी येथे दुय्यम असतात. पटावरची युद्धे, कथा रचत खेळावयाचे भूमिकाखेळ, संग्राह्य पत्ते, अनेक बाजूंचे फासे आणि रंगवून मांडावयाचे इवलेसे सैनिक हा त्यांचा मुख्य माल. गेल्या अर्धशतकात या व्यवसायाने जेवढी वळणे घेतली तेवढी क्वचितच दुसऱ्या लहान धंद्याने घेतली असतील. कोणत्याही दुकानदाराने विचार करावा असे त्या प्रवासात पुष्कळ काही आहे.

कोपऱ्यातील एक फळी

१९५८ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे चार्ल्स रॉबर्ट्स यांनी ‘अ‍ॅव्हलॉन हिल’ ही कंपनी स्थापन केली आणि त्याच वर्षी अमेरिकी यादवी युद्धातील गेटिसबर्गच्या लढाईवर आधारलेला पटाचा खेळ बाजारात आणला. अशा खेळांसाठी तेव्हा स्वतंत्र दुकाने नव्हती. आगगाडीच्या प्रतिकृती, जोडावयाची विमाने, रंग व डिंक विकणाऱ्या छंदांच्या दुकानात एखाद्या कोपऱ्यातील फळी त्यांच्या वाट्याला येई.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती आणि तिच्या पेट्या हातांनी भरलेल्या होत्या. या खेळाला ठरीव पट नव्हता आणि शेवटी कोणी जिंकतही नसे. असा माल सर्वसाधारण खेळण्यांच्या दुकानदाराने विकावा तरी कसा? जो दुकानदार स्वतः खेळला असेल, चार मुलांना बसवून तासभर समजावून सांगू शकत असेल, त्याच्याच हातून तो विकला जाई. दुकानदाराचे ज्ञान हेच त्याचे खरे भांडवल ठरले.

ब्रिटनमध्येही असेच घडले. १९७५ साली लंडनमधील तीन मित्रांनी ‘गेम्स वर्कशॉप’ सुरू केले. लाकडी पट बनविण्यापासून आरंभ करून त्यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या वितरणाचे काम मिळविले आणि १९७८ मध्ये हॅमरस्मिथ भागात पहिले दुकान उघडले. पुढे १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ हा सैनिकी मूर्तींचा खेळ काढून या कंपनीने स्वतःचाच माल स्वतःच्या दुकानांतून विकण्याचा मार्ग धरला. स्वतंत्र दुकानदाराला पुरवठा करणारा कारखानदारच त्याचा शेजारचा स्पर्धक झाला. हा अनुभव या धंद्यात पुढे पुन्हा पुन्हा येणार होता.

बंद पाकिटांचे पर्व

ऑगस्ट १९९३ मध्ये गणिताचे अभ्यासक रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ बाजारात आला आणि दुकानाचे अर्थशास्त्रच पालटले. नियमांचे पुस्तक गिऱ्हाईक एकदा घेई आणि वर्षभर पुरवून वापरी. पत्त्यांच्या बंद पाकिटांचे तसे नव्हते. आत कोणते पत्ते निघतील हे ठाऊक नसल्याने खरेदी संपतच नसे. माल जागा थोडी व्यापी, लवकर खपे आणि रोकड आणून देई. पहिल्या छपाईतील सुमारे २६ लाख पत्ते पाहता पाहता संपले.

मागणी प्रचंड आणि पुरवठा अपुरा, अशा वेळी व्यापाऱ्याला जो मोह होतो तोच येथे झाला. वितरक मागणीच्या काही हिस्साच माल देत. मग दहा पेट्या हव्या असल्या की दुकानदार पन्नासची मागणी नोंदवी. १९९४ च्या अखेरीस ‘फॉलन एम्पायर्स’ नावाचा संच निघाला तेव्हा कंपनीने छपाई भरपूर वाढविली होती. पन्नास मागणाऱ्याच्या दारात या वेळी खरोखरच पन्नास पेट्या आल्या. तो माल कित्येक वर्षे पडेल भावात फिरत राहिला. फुगविलेली मागणी एखाद्या दिवशी पूर्ण होऊन दारात येते, हा धडा त्या पिढीने फार महाग किंमत मोजून घेतला.

१९९९ च्या आरंभी जपानी ‘पोकेमॉन’चे पत्ते अमेरिकेत आले आणि शाळकरी मुलांच्या रांगा लागल्या. दुसरीकडे सुट्या पत्त्यांची उलाढाल वाढली. गिऱ्हाइकाकडील दुर्मीळ पत्ता विकत घ्यावयाचा, त्याची स्थिती पारखावयाची आणि योग्य भावाने दुसऱ्याला विकावयाचा. दुकानाचा गल्ला एखाद्या सराफाच्या गादीसारखा दिसू लागला. भाव रोज बदलत आणि पारख चुकली तर नुकसान पदरी येई.

येथे एक नैतिक प्रश्नही उभा राहिला. दैवावर हवाला ठेवून मूल पाकिटामागून पाकीट फोडत असेल, तर दुकानदाराने विकत राहावे की थांबवावे? अनेक विचारी दुकानदार अशा वेळी ‘हवा तो पत्ता सुटा घे, स्वस्त पडेल’ असा सल्ला देतात. त्या क्षणी विक्री घटते. परंतु त्या मुलाच्या आईवडिलांचा जो विश्वास मिळतो, तो जाहिरातीने मिळत नाही.

घरबसल्या मिळणारी सूट

त्यानंतरचा आघात महाजालाचा. दुकानदाराला माल साधारणतः छापील किमतीच्या निम्म्याहून थोड्या अधिक दराने मिळतो. उरलेल्या रकमेत जागेचे भाडे, पगार, वीज आणि न खपलेला माल हे सर्व भागवावयाचे असते. भव्य गोदामातून विकणारा ऑनलाइन व्यापारी तोच खेळ मोठी सूट देऊन घरपोच पाठवू लागला. गिऱ्हाईक दुकानात येई, पेटी हाताळी, नियम समजून घेई आणि खरेदी मात्र घरी जाऊन करी. पूर्वी जे ज्ञान दुकानदाराचे भांडवल होते, ते आता तो फुकट वाटत होता.

मालाचाही पूर आला. २००० मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा तिचे नियम वापरून पूरक पुस्तके काढण्याची मुभा इतर प्रकाशकांना देण्यात आली. फळ्या पुस्तकांनी ओसंडू लागल्या. २००३ मध्ये त्याच आवृत्तीची सुधारित रूपे आली आणि आधीची पुस्तके रातोरात जुनी ठरली. पुढे २००९ मध्ये ‘किकस्टार्टर’ सुरू झाल्यावर प्रकाशक खेळ तयार होण्यापूर्वीच थेट गिऱ्हाइकांकडून पैसे उभारू लागले. २०२० मध्ये ‘फ्रॉस्टहेवन’ या एकाच खेळासाठी अशा रीतीने सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर जमा झाले. यातील मोठा हिस्सा एरवी दुकानांच्या गल्ल्यातून गेला असता.

तरीही याच काळात गिऱ्हाइकांचे वर्तुळ विस्तारले. जर्मनीत क्लाउस टॉयबर यांनी १९९५ मध्ये आणलेला ‘कॅटान’ आणि त्यासारखे इतर खेळ आईवडील व मुले एकत्र बसून खेळू शकत. कळकट, अंधाऱ्या आणि केवळ तरुण मुलांनी भरलेल्या दुकानांत कुटुंबे येऊ लागली. दिवे वाढले, काचा स्वच्छ झाल्या, स्वच्छतागृह नीट ठेवावे लागले. गिऱ्हाईक बदलले की दुकानाची वागणूकही बदलावी लागते.

जागा हाच माल

जी वस्तू घरबसल्या मिळत नाही ती कोणती, या प्रश्नाचे उत्तर दुकानदारांना आपल्या टेबलांपाशी सापडले. २००० पासून ‘मॅजिक’च्या शुक्रवार-संध्याकाळच्या स्पर्धा दुकानांतून भरत होत्याच. २०१० मध्ये टोरांटो शहरात उघडलेल्या ‘स्नेक्स अँड लाटेज’ या कॅफेने पुढचे पाऊल टाकले. बसण्याचे पैसे द्यावेत, कॉफी घ्यावी आणि कपाटातील हवा तो खेळ खेळावा, अशी तेथील व्यवस्था होती.

हा हिशेब दिसतो तेवढा सोपा नाही. एका टेबलाच्या जागेत मालाचे एक कपाट मावते. चौघे जण चार तास बसले आणि एकच सरबताची बाटली घेतली, तर त्या जागेचे भाडे सुटत नाही. म्हणून बसण्याचे शुल्क, स्पर्धेची प्रवेश फी, बक्षिसाची रक्कम दुकानातच खर्च होईल अशी तजवीज, खाद्यपदार्थ असे अनेक लहान झरे जोडावे लागतात. मालकाला विक्रेता, यजमान, शिक्षक आणि भांडणे मिटविणारा पंच अशा चारही भूमिका एकट्याने निभवाव्या लागतात.

२०२० च्या महामारीत नेमकी हीच टेबले ओस पडली. दुकानदारांनी दाराशी माल देणे, गावात घरपोच सेवा आणि स्वतःची ऑनलाइन विक्री असे मार्ग काढले. घरी अडकलेल्या लोकांत पत्त्यांची मागणी इतकी भडकली की मे २०२१ मध्ये ‘टार्गेट’ या मोठ्या साखळीने सुरक्षेच्या कारणास्तव असे पत्ते दुकानांत विकणे काही काळ थांबविले. हे संकट ओसरते तोच २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावरील आयात शुल्क प्रचंड वाढविले. बहुतेक पटखेळ चीनमध्येच छापले जात असल्याने किमतींचा मेळ घालणे अवघड झाले.

आपल्या अंगणातील पट

या साऱ्या कथेशी आपला जुना धागा आहे. इंग्रजांचा ‘स्नेक्स अँड लॅडर्स’ आणि ‘लुडो’ हे दोन्ही भारतीय पटांवरून घडले. पहिल्याच्या मुळाशी ज्ञानचौपड आहे, दुसऱ्याच्या मुळाशी पच्चीसी. जैन परंपरेतील ज्ञानचौपडीचे ८४ घरांचे पट आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. सारी पिढी एका पटाभोवती बसावी, हा त्या खेळांचा हेतू होता. मुंबई, पुणे, बंगळूर या शहरांत अलीकडे उघडलेल्या बोर्ड गेम कॅफेंत तोच हेतू नव्या वेषात दिसतो. तेथे शनिवारी संध्याकाळी तरुण मुले भ्रमणध्वनी बाजूला ठेवून तीन तास एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहत बसतात.

अशा दुकानाचे शटर कायमचे खाली आले तर माल दुसरीकडे मिळेल, कदाचित स्वस्तही मिळेल. परंतु नव्या गावात आलेला, कोणाशी ओळख नसलेला विद्यार्थी जेथे बिनदिक्कत जाऊन ‘मी बसू का?’ असे विचारू शकत होता, ती जागा जाईल. म्हणूनच त्या टेबलावरील मंडळींनी अधूनमधून एखादा खेळ छापील किमतीला, त्याच गल्ल्यावरून, विकत घेत राहणे आवश्यक आहे.