औषध घेण्याचा निर्णय : बायपोलर विकार, खर्च आणि कायदा

बायपोलर अर्थात द्विध्रुवीय विकारात उन्मादाचे आणि तीव्र नैराश्याचे कालखंड येतात. मधल्या काळात व्यक्ती बहुधा नेहमीप्रमाणे वावरत असते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (2015-16) या विकाराच्या सुमारे 70 टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. ही दरी केवळ डॉक्टरांच्या तुटवड्यामुळे नाही; औषध घ्यावे की नाही, हा निर्णयही तिच्याशी निगडित आहे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर, या निर्णयात खर्च तात्कालिक आणि लाभ भविष्यकालीन असतो. उन्मादावर लिथियम उपयुक्त असल्याचे ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी 1949 मध्ये दाखवून दिले. हे औषध आजाराचे पुनरावर्तन आणि आत्महत्येचा धोका कमी करते. भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीतही त्याचा समावेश आहे. मात्र त्याची उपयुक्त आणि घातक पातळी यांत अंतर थोडे असल्याने रक्तातील प्रमाण, मूत्रपिंड व थायरॉइड यांची नियमित तपासणी करावी लागते. हातांना कंप सुटणे, तहान, वजनवाढ असे त्रासही संभवतात. गोळी स्वस्त असली, तरी तपासण्या, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा भार मोठा असतो. उलट, लाभ म्हणजे टळलेला झटका. तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच बरे वाटताच औषध सोडण्याकडे कल होतो. लिथियम एकाएकी थांबवल्यास मात्र आजार उलटण्याचा धोका वाढतो.

मग निर्णय कोणाचा? 29 मे 2018 पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 नुसार, क्षमता असेल तोवर तो रुग्णाचाच. इतरांना निर्णय चुकीचा वाटला, एवढ्यावरून रुग्णाला अक्षम ठरवता येत नाही (कलम 4). कलम 5 अन्वये सज्ञान व्यक्तीला पूर्वनिर्देश लिहून ठेवता येतो : कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपला प्रतिनिधी कोण. क्षमता नसतानाच तो लागू होतो. आणीबाणीच्या उपचारांना मात्र लागू होत नाही. स्थिर मनाने घेतलेला निर्णय अस्थिर काळातही टिकावा, हे त्याचे मर्म आहे.

तथापि, तपासणीची सोय शंभर किलोमीटरवर असेल, तर निवडीचे स्वातंत्र्य कागदावरच राहते. 1996 मध्ये सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि 2022 मधील ‘टेली-मानस’ (14416) यांचे मोल येथेच आहे. खर्चाचा भार हलका करून निर्णय रुग्णाच्या हाती ठेवणे, हेच धोरणाचे उद्दिष्ट असावयास हवे.