हस्तांदोलनातला नकाशा

'ऑपरेशन बरास' म्हटलं की ब्रिटिश कमांडोंनी वीस मिनिटांच्या आत ओलीस सोडवल्याचं सांगितलं जातं. त्याआधीचे सोळा दिवस मात्र जास्त रंगतदार आहेत.

सिएरा लिओनमध्ये १९९१पासून यादवी पेटली होती. २५ ऑगस्ट २००० रोजी ब्रिटनच्या रॉयल आयरिश रेजिमेंटचे अकरा जवान आणि त्यांच्यासोबतचा स्थानिक लष्करातला मुसा बांगुरा 'वेस्ट साइड बॉइज' या टोळीच्या तावडीत सापडले. ओलीस जिवंत असल्याचा पुरावा द्या, असं ब्रिटिशांनी ठणकावलं. टोळीचा म्होरक्या फोडे कल्ले पकडलेल्यांपैकी दोन अधिकाऱ्यांना घेऊन भेटीला आला. त्यातल्या कॅप्टन फ्लाहर्टींनी आपल्या कमांडिंग ऑफिसरशी हस्तांदोलन केलं आणि तेवढ्यात टोळीच्या तळाचा हाताने काढलेला नकाशा त्यांच्या हातात सरकवला. समोर उभ्या कल्लेला पत्ताही लागला नाही!

पुढे सॅटेलाइट फोन आणि औषधांच्या बदल्यात पाच जवान सुटले. फोन मिळताच टोळीच्या प्रवक्त्याने थेट बीबीसीला गाठून मागण्यांचा पाढा वाचला. इकडे 'एसएएस' या ब्रिटिश कमांडो दलाचे जवान तळाजवळच्या दलदलीत दबा धरून होते.

१० सप्टेंबरच्या पहाटे चिनूक हेलिकॉप्टर आली. ब्रिटिश चिनूक जुलैमध्ये भारतीय लष्कराच्या 'ऑपरेशन खुकरी'तही होती. कैलाहुनला वेढ्यात अडकलेल्या, शांतिसेनेतल्या आपल्या गुरख्यांना सोडवण्याची ती मोहीम. आता एसएएसवाले ग्बेरी बाना गावातल्या तळावर ओलिसांकडे धावले, तर पॅराट्रूपर्स नदीपलीकडच्या मॅगबेनी गावाजवळ छातीभर चिखलात उतरले. त्यांच्यातले काही जण नुकतेच प्रशिक्षण संपवून आले होते. त्यांना वगळावं का, यावर खल झाला होता. अखेर कंपनी फोडायची नाही असं ठरलं.

उरलेले सहा जवान सुटले, कल्ले जिवंत हाती लागला. ब्रॅड टिनियन हा ब्रिटिश जवान मात्र ठार झाला, टोळीचे किमान पंचवीस जण मारले गेले. सर्वाधिक हाल मुसाचे झाले होते. त्याला घाणीने भरलेल्या खड्ड्यात ठेवलं होतं. बाहेर काढलं तेव्हा त्याला धड चालताही येत नव्हतं.

वीस मिनिटांचं श्रेय कमांडोंना जरूर द्यावं. पण फ्लाहर्टींची हिंमत आणि वाटाघाटी करणाऱ्यांचा संयम नसता, तर हे कमांडो कोणत्या झोपडीत शिरले असते?